बडीशेपेच्या बशीतील दक्षिणा

"वहाणा कुठे काढायच्या?" हॉटेलच्या पायरीशी थांबून दाजीकाकांनी विचारले.

"काढायच्या नसतात, काका. घालूनच आत जायचं."

"घालून? जेवायला?"

"खाली बसायचं नसतं ना. खुर्चीवर बसायचं, ताट टेबलावर."

दाजीकाकांनी एकवार माझ्याकडे आणि एकवार काचेच्या दाराकडे पाहिले. मग वहाणा काढल्या आणि भिंतीलगत नीट जोडून ठेवल्या. दाराशी उभ्या असलेल्या फेटेवाल्या दरवानाने त्यांना सलाम ठोकला. काकांनी उजवा हात उंचावून, "कल्याणमस्तु," असे म्हटले. दरवानाचा हात कपाळाशीच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून त्याला आणखी कशाची तरी अपेक्षा होती हे उघड दिसत होते. पण काकांनी आशीर्वाद पूर्ण दिला होता आणि त्यात भर घालण्यासारखे त्यांच्याजवळ काही नव्हते.

तेवढ्यात मागून खांबेटे आले. उंच, गोरे, सफारीतले गृहस्थ. चालता चालता त्यांनी दरवानाशी हस्तांदोलन केल्यासारखे केले आणि त्या हातातून या हातात एक घडी घातलेली नोट इतक्या सफाईने गेली, की दरवानाने पुन्हा सलाम ठोकला तेव्हाच ती गेल्याचे माझ्या ध्यानात आले.

"या गुरुजी, या! या प्रोफेसर! काय, हा काही म्हणत होता का तुम्हाला?"

"काही नाही हो," दाजीकाका म्हणाले. "आशीर्वाद हवा होता बिचाऱ्याला. दिला."

खांबेट्यांच्या मागे त्यांची कन्या वृंदा उभी होती. तिने पदराचे टोक ओठांशी नेले आणि ती दुसरीकडे पाहू लागली.

ही गोष्ट बरीच वर्षे मागची, कोल्हापुरातली. मी तेथील एका महाविद्यालयात मराठीचा अध्यापक होतो. आईवडील लहानपणीच गेलेले. मला वाढवले ते दाजीकाकांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाने. संगमेश्वराजवळच्या खेड्यात ते भिक्षुकी करीत. श्रावणीपासून वास्तुशांतीपर्यंत पंचक्रोशीतील एकही कार्य त्यांच्यावाचून होत नसे, आणि एकाही पंगतीत त्यांचे पान चुकत नसे. हॉटेलात मात्र ते उभ्या जन्मात जेवले नव्हते. पण मुलीच्या वडिलांनी बोलावले आहे, म्हणजे ते यजमान झाले. आणि यजमान जेथे पान मांडील तेथे जेवायचे, एवढे साधे त्यांचे शास्त्र होते. "कांदा-लसूण तेवढा नको म्हणावं," एवढीच त्यांची अट होती.

वृंदाची नि माझी ओळख जुळवून आणलेली नव्हती. नगरवाचनालयात बखरींच्या गद्यावर मी एक व्याख्यान दिले होते. ते संपताच पाठीमागच्या रांगेतून एक मुलगी उठली आणि माझा मुख्य सिद्धांतच चुकीचा असल्याचे तिने सभेला सांगितले. ती एम.ए. करीत होती आणि मावशीकडे राहत होती, हे मला नंतर कळले. त्या वेळी एवढेच कळले, की ग्रंथपाल एकेक खिडकी लावीत आमच्यापर्यंत आला तरी आमचा वाद संपला नव्हता. मी हरलो. हरल्यावर आनंदाने घरी जाण्याचा अनुभव मला नवा होता.

पुढची पावले रीतसर पडली. तिचे वडील मुंबईच्या एका कारखान्याचे विक्री-अधिकारी होते. महिन्यातले निम्मे दिवस ते फिरतीवर असत. कोल्हापूरला येत तेव्हा याच हॉटेलात उतरत. मला आणि काकांना त्यांनी तेथेच जेवायला बोलावले. आजच्या जेवणावर सारे ठरणार होते, आणि दाजीकाकांना त्याची माझ्याहून अधिक काळजी होती. कारण माझी दोन स्थळे याआधी मोडली होती. सांगलीचे स्थळ अधिक महिन्याच्या गणितावरून मोडले आणि साताऱ्याचे, मुलीच्या आजोबांनी मुगाचे वरण पचायला हलके असते असे विधान केले त्यावरून.

"श्रीपाद," सकाळी एस.टी.तून उतरताच काकांनी मला बाजूला घेतले होते, "आज वाद घालायचा नाही."

"नाही घालणार."

"मुलीचा बाप म्हणाला सूर्य पश्चिमेला उगवतो, तर काय म्हणशील?"

"पण काका, तो..."

"काय म्हणशील?"

"हो म्हणेन."

"जानव्याला हात लावून सांग."

भर एस.टी. स्टँडवर, सदऱ्याच्या आत हात घालून, मी शपथ घेतली होती.

आम्हांला वाढायला जो वेटर होता, तो पन्नाशीचा, भरघोस मिशांचा गृहस्थ होता. नाव हिंदुराव. एवढ्या पराक्रमी नावाच्या माणसाकडे ताकाची वाटी मागायला मला संकोच वाटला. त्याने ताटे मांडली. काकांनी ताटाभोवती पाणी फिरवले, चित्राहुती म्हणून भाताची चार शिते टेबलावर उजवीकडे ओळीने ठेवली आणि डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा शिते नव्हती. सांडले असे समजून हिंदुरावाने ती फडक्याने पुसून नेली होती.

काकांनी पुन्हा चार शिते ठेवली. हिंदुराव पुन्हा फडके घेऊन आला.

"असू दे रे बाबा," काका म्हणाले. "तो देवांचा वाटा आहे."

"व्हय का? चुकलं जी." हिंदुराव दोन पावले मागे सरला आणि जेवण संपेपर्यंत त्या चार शितांवर कोणी हात मारू नये अशा बेताने राखणीला उभा राहिला.

"पाहिलंत?" खांबेटे मला म्हणाले. "काय अदब आहे! ही उगाच नाही आली. मी पहिल्यांदा आलो तेव्हा हाच माणूस पाणी आदळायचा. मी काय केलं? रागावलो नाही, मालकाकडे तक्रार केली नाही. जाताना टिप ठेवली. दुसऱ्या दिवशी पाणी आदळलं नाही, ठेवलं. टिप म्हणजे काय, प्रोफेसर? टिप म्हणजे माणसाची सही. माणूस कुठल्या पायरीचा आहे ते त्याच्या टिपेवरून कळतं."

माझ्या मनात तत्क्षणी तीन आक्षेप उभे राहिले. मी एक पुरी तोंडात घातली.

"मी जाईन तिथे देतो," खांबेटे पुढे म्हणाले. "केस कापणाऱ्याला देतो, पेट्रोलपंपावर देतो, सिनेमात बॅटरी दाखवणाऱ्याला देतो. या तुमच्या कोल्हापुरात पूर्वी कुणी देत नसे. आता पाहा, सुरू झालंय. मागच्या खेपेला वाचनालयात पुस्तक काढून देणाऱ्या शिपायाला दिली. तो तर गहिवरला."

"आणि आता तो मला पुस्तक देताना हात पुढे करून उभा राहतो, बाबा," वृंदा म्हणाली. "वर्गणी भरलेली असताना! म्हणून मी हल्ली शिडी लावून स्वतःच काढते."

"दे ना मग काहीतरी. काय बिघडलं?"

"तुमचं काय मत आहे?" वृंदाने थेट मला विचारले.

तिच्या डोळ्यांत ती वाचनालयातली चमक होती. ती वाट पाहत होती. मी काकांकडे पाहिले. काका वरणभात कालवीत होते. पण त्यांची नजर माझ्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीवर, म्हणजे जेथे जानवे असते तेथे, स्थिर होती.

"पुऱ्या छान आहेत," मी म्हणालो.

वृंदाने चमचा खाली ठेवला.

त्यानंतरचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. जगातील टिपेच्या प्रसाराचा इतिहास खांबेट्यांनी मला सांगितला, आणि त्यातील प्रत्येक गैरलागू विधानागणिक मी एकेक पुरी खाल्ली. मला पुऱ्या विलक्षण आवडतात असा समज होऊन हिंदुराव त्या आणीतच राहिला. मधूनच खांबेटे थांबत, माझ्याकडे अपेक्षेने पाहत, आणि मी "खरंच", "बरोबर", "असंच आहे" यांपैकी एक शब्द त्यांच्यापुढे ठेवीत असे. शेवटी ते मुलीकडे वळून म्हणाले, "काय गं, तू तर म्हणत होतीस, हे गृहस्थ एकदा बोलू लागले की थांबत नाहीत. हे तर होयबा निघाले."

"मलाही तेच कळत नाहीये," वृंदा म्हणाली. ते इतक्या थंडपणे म्हणाली, की हातातली पुरी मी ताटात परत ठेवली. माझ्यापुढचा पेच मला त्या क्षणी संपूर्ण दिसला. बोललो तर बाप जाणार होता. न बोललो तर मुलगी. काकांना हे कसे सांगावे? आणि कधी?

जेवणे झाली. हिंदुरावाने बिल आणले, खांबेट्यांनी पैसे दिले, आणि उरलेली मोड एका बशीत बडीशेपेवर ठेवून हिंदुराव ती घेऊन आला. खांबेट्यांनी मोड खिशात टाकली. पाकिटातून दोन कोऱ्या नोटा काढून त्या बडीशेपेवर पसरल्या आणि माझ्याशी बोलता बोलता बशी टेबलाच्या मध्यावर सरकवली. ती जाऊन थांबली दाजीकाकांच्या अगदी पुढ्यात. हिंदुराव बशी उचलायला वाकला.

त्याच्या आधी काका वाकले.

त्यांनी दोन्ही नोटा उचलल्या, डोळ्यांना लावल्या, कनवटीला खोवल्या. मग ते खुर्चीवरून उठून उभे राहिले, उजवा हात खांबेट्यांच्या मस्तकाच्या दिशेने धरला, आणि कार्यघरी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "अन्नदाता सुखी भव! दीर्घायुष्यमस्तु! पुत्रपौत्रादि ऐश्वर्याभिवृद्धिरस्तु!"

सारे भोजनगृह चमचे थांबवून आमच्याकडे पाहू लागले. खांबेट्यांचे तोंड किंचित उघडे राहिले होते. हिंदुरावाचा हात बशीपाशी तसाच होता.

"जरा चूळ भरून येतो," काका म्हणाले, आणि अनवाणी पायांनी, प्रसन्न मुद्रेने, आतल्या दाराकडे चालू लागले. हिंदुराव पाणी दाखवायला त्यांच्यामागून गेला.

काका दिसेनासे होईपर्यंत खांबेटे त्यांच्याकडे पाहत राहिले.

"प्रोफेसर," मग खांबेटे खालच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या काकांनी टिप उचलली."

मी बशीकडे पाहिले.

"टिप होती ती. वेटरची. बडीशेपेबरोबर ठेवलेली. आल्यावर सांगा त्यांना, परत द्या म्हणावं. तुम्ही सांगत नसाल तर मी सांगतो."

"तुम्ही दुसरी ठेवा की, बाबा," वृंदा म्हणाली.

"प्रश्न पैशाचा नाही. त्या माणसाच्या हातातून ती गेली. इतक्या लोकांनी पाहिलं."

आता माझ्या काकांविषयी दोन शब्द सांगायला हवेत. दुसऱ्याच्या शेतातली पडलेली ओंबीसुद्धा न उचलणारा तो माणूस होता. वाढप्याचा पैसा आपण उचलला, भरल्या सभेत डोळ्यांना लावला, त्यावर आशीर्वादही दिला, असे त्यांना कोणी सांगितले असते, तर ते काही बोलले नसते. नोटा परत करून, वहाणा घालून, मुकाट्याने एस.टी.त जाऊन बसले असते; आणि माझ्या लग्नाला अक्षता टाकायला त्या घरच्या मांडवात पुन्हा कधीही उभे राहिले नसते. हे मला स्वच्छ दिसत होते.

मी शपथेचा विचार केला. शपथ वाद न घालण्याची होती. बचाव न करण्याची नव्हती.

"ती टिप नव्हती," मी म्हणालो.

"काय?"

"खांबेटेसाहेब, टिप ही टिप केव्हा होते?"

"केव्हा म्हणजे? बशीत ठेवल्यावर."

"नाही. वेटरच्या हातात पडल्यावर. तोवर ते तुमचे पैसे. आता पाहा. जेवण कुणी दिलं? तुम्ही. म्हणजे यजमान तुम्ही. जेवायला ब्राह्मण कोण होता? माझे काका. जेवण संपल्यावर यजमानाने बशीत नोटा ठेवून ती बशी ब्राह्मणापुढे सरकवली. कोणत्याही गावात, कोणत्याही घरात, कोणत्याही शास्त्राने याला काय म्हणतील? काकांनी ती उचलली नसती तर तो तुमचा अपमान झाला असता."

"मी बडीशेप सरकवली होती हो!"

"नोटा बडीशेपेवर होत्या की बडीशेप नोटांवर?"

"नोटा बडीशेपेवर."

"मग हाताला आधी काय लागलं?"

"ही वकिली झाली!" खांबेट्यांनी टेबलावर हात आपटला. "अहो, माझा हेतू..."

"हेतू बशीत दिसत नाही. नोटा दिसतात."

"बाबा, उत्तर द्या," वृंदा म्हणाली. ती खुर्ची पुढे ओढून बसली होती, आणि चमचा पुन्हा तिच्या हातात आला होता.

एकदा धरण फुटल्यावर ते अर्ध्यावर थांबत नाही. "आणि आता टिपेचंच म्हणाल तर," मी म्हणालो, "माणसाची पायरी तिच्यावरून कळते हे मला मुळीच मान्य नाही. टिप औदार्याने देणारा माणूस शंभरांत एखादा. बाकीचे भीतीने देतात. कमी ठेवली तर वेटर काय म्हणेल, जास्त ठेवली तर सोबतचे काय म्हणतील, न ठेवली तर उद्या पाणी आदळेल का! पोटभर जेवलेला माणूस बशीपुढे असा घामाघूम होऊन बसलेला मी पाहिला आहे. पगार मालकाने चोरायचा आणि लाज गिऱ्हाइकाने बाळगायची, हा कुठला न्याय? उद्या डॉक्टर नाडी सोडून बशी पुढे करतील. मी वर्गात व्याख्यान संपवून बडीशेप फिरवू का?"

"फिरवून पाहा. तुमच्या व्याख्यानाला किती पडते ते कळेल!"

"बाबा!" वृंदा खदखदून हसली.

पण खांबेटे हसले नाहीत. त्यांनी बशीतली बडीशेप बोटाने एका कडेला केली, पुन्हा पसरली. त्यांचा आवाज बदलला.

"प्रोफेसर, तुम्ही कधी वाढलंय का? घरी नव्हे. पोटासाठी?"

"नाही."

"मी वाढलंय. शिकायला मुंबईत आलो तेव्हा गिरगावातल्या एका खानावळीत दोन्ही वेळा वाढायचो आणि तिथेच जेवायचो. रोज तीच माणसं यायची. त्यातल्या एकाने माझं तोंड कधी पाहिलं नाही. 'भात', 'आमटी', 'इकडे', बस्स. हात दिसायचा त्यांना माझा, तोंड नाही. एक दिवस एक म्हातारे गृहस्थ आले, बहुधा परगावचे. जेवून उठले, ताटाखाली दोन आण्यांची चवली ठेवली, आणि जाता जाता माझ्याकडे वळून बघून गेले. चवलीचं मी काय केलं ते आठवत नाही. ते वळून बघणं आठवतं." त्यांनी बशी बाजूला सारली. "म्हणून मी देतो. भीतीने नाही."

वृंदाचे हसू मावळले होते. "हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, बाबा."

"सांगण्यासारखं काय आहे त्यात?"

मी उत्तर शोधले. सकाळपासून मी कितीतरी वेळा गप्प बसलो होतो. पण ते सगळे गप्प बसणे शपथेचे होते. हे तसे नव्हते. मी एवढेच म्हणू शकलो, "या मुद्द्याला माझ्याजवळ उत्तर नाही."

खांबेट्यांनी माझ्याकडे वर मान करून पाहिले. त्या दिवशी प्रथमच, असे मला वाटले.

आतल्या दाराशी गलका झाला. दाजीकाका येत होते. त्यांच्यामागून हिंदुराव, आणि त्याच्यामागे मुदपाकखान्याच्या दारातून तीन-चार माना बाहेर डोकावत होत्या.

"चूळ भरायला एवढा वेळ, काका?" मी विचारले.

"अरे, दक्षिणा मिळाली की आचारी-वाढप्यांचं आधी पाहायला नको? आपल्याकडे पाहतात ना? गल्ल्यावर नोटा मोडून घेतल्या. आचाऱ्याला दिलं, पाणक्याला दिलं, या हिंदुरावांना दिलं. भांडी घासायला एक बाई आहेत मागे, त्या घेईचनात. म्हटलं, बाई, घ्या, तुम्ही नसता तर मी जेवलो कशात असतो?"

हिंदुरावाने हात जोडले होते. "सायेब," तो खांबेट्यांना म्हणाला, "खोटं कशाला बोलू, माझ्या वाट्याला नेमीपेक्षा थोडं कमीच आलं. पर आत आमची भांड्यावरची आक्का हसली जी. ती हसती हे आमास्नी ठावंच नव्हतं."

दारातल्या मानांमधली एक, पदर तोंडाशी धरलेली, चटकन आत गेली.

खांबेटे खुर्चीतून अर्धवट उठले. "म्हणजे गुरुजी," ते म्हणाले, "शेवटी तुम्ही टिपच दिलीत की!"

"टिप?" दाजीकाकांनी भुवया उंचावल्या. "टिप म्हणजे काय हो?"

"टिप म्हणजे..." खांबेटे म्हणाले.

"टिप म्हणजे..." मी म्हणालो.

आम्ही दोघे एकदम थांबलो, एकदम सुरू झालो, आणि आमची वाक्ये पहिल्या क्रियापदापाशीच एकमेकांवर आदळली. खांबेट्यांचे म्हणणे असे, की पैसे त्यांचे, हेतू त्यांचा, पोहोचले वेटरलाच, अर्थात गुरुजी केवळ मधला हात, सबब ती टिप. माझे म्हणणे असे, की मधल्या हाताने आशीर्वाद दिला होता. आशीर्वाद देऊन घेतलेली वस्तू घेणाऱ्याची होते. सबब काकांनी दिले ते स्वतःचे दान, आणि आक्केला जे मिळाले ते खांबेट्यांच्या टिपेतून उभ्या जन्मात मिळाले नसते. "कारण टिप समोर दिसणाऱ्याला मिळते," मी म्हणालो. "पाठीमागच्याला नाही."

"हा मुद्दा बरा आहे," खांबेटे म्हणाले. "पण चूक आहे. ऐका."

"जरा उकडतंय इथे," काकांचा आवाज कुठूनसा आला. "मुली, बाहेर सज्जा आहे ना?"

मी ऐकले खरे, पण तिकडे पाहिले नाही. खांबेटे पोस्ताकडे वळले होते. दिवाळीला पोस्त मागणारा पोस्टमन आणि टिप घेणारा वेटर यांत भेद काय, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो भेद मूलभूत आहे हे मला सिद्ध करायचे होते. हिंदुरावाने टेबल पुसले. मग चहा आणला. तो कोणी मागितला होता कोणास ठाऊक. शेजारच्या टेबलावरचे एक व्यापारी गृहस्थ खुर्ची वळवून आमच्यात सामील झाले, आणि आम्ही दोघांनी मिळून त्यांचा मुद्दा खोडून काढला. खांबेट्यांशी माझे पहिले एकमत झाले ते तेथे.

"बरं, ठरलं मग," काका म्हणाले. ते आणि वृंदा टेबलाशी येऊन उभे होते. किती वेळ उभे होते, ते मला सांगता यायचे नाही.

"ठरलं कुठे?" खांबेटे म्हणाले. "हे ऐकतच नाहीत. दक्षिणाच म्हणतात अजून."

"ते चालू द्या तुमचं. मार्गशीर्षात धरतोय आम्ही. पहिल्या पंधरवड्यात चांगले दिवस आहेत. तुमची काही हरकत?"

"कशाला?"

"लग्नाला, बाबा," वृंदा म्हणाली.

खांबेट्यांनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग कपातला गार झालेला चहा एका घोटात संपवला. "हरकत नाही," ते म्हणाले. "पण हा मुद्दा सुटलेला नाही हं, प्रोफेसर."

तो अखेरपर्यंत सुटला नाही. पुढे पंचवीस-तीस वर्षे, जेव्हा जेव्हा आम्ही बाहेर जेवलो, तेव्हा तेव्हा बडीशेपेची बशी आली की आमचे दोघांचे डोळे भिडत. ते टिप ठेवीत. मी हॉटेलच्या मागच्या दाराने जाऊन भांडी घासणाराचा शोध घेई. मालक मला भ्रष्ट अन्न-निरीक्षक समजत. खांबेटे गेले, त्याच्या आधीच दाजीकाका गेले. बशीही आता जवळजवळ गेलीच.

परवा आम्ही घरी जेवण मागवले. वृंदाने पदार्थ निवडले, पैसे भरायला घेतले, आणि फोनने विचारले, की आणून देणाराला किती टिप देऊ इच्छिता? पदार्थ अजून शिजायचे होते. आणणारा अजून ठरायचा होता. मी चष्मा काढला.

"हा कळस आहे," मी म्हणालो. "ज्याने अजून काही केलेलं नाही, ज्याचं तोंड आपण पाहिलेलं नाही, त्याच्यावर खूश आहोत की नाही हे आत्ताच सांगायचं? तुझे वडील असते तर त्यांनीसुद्धा..."

"त्यांनी आधी दिली असती आणि मग दारात उभं राहून त्याचं तोंडही पाहिलं असतं," वृंदा म्हणाली, आणि पडद्यावर तिने काहीतरी दाबले. मग ती आपल्याशीच हसू लागली.

"काय झालं?"

"काही नाही. दाजीकाका आठवले. सज्ज्यात आल्यावर पहिलं वाक्य काय म्हणाले होते, ठाऊक आहे?"

"नाही."

"खुर्चीवर बसले, उपरण्याने वारा घेतला, आणि म्हणाले, 'आता अर्धा तास दोघेही इकडे फिरकत नाहीत. मुली, तू मला विचारायचं ते विचार, मी तुला विचारतो.'"

मला ते वाक्य पचायला वेळ लागला. "म्हणजे टिप म्हणजे काय, हे त्यांना..."

"ठाऊक होतं हो. रत्नागिरी-कोल्हापूर एवढी वर्षं जात-येत होते ते. तुम्हा दोघांना कामाला लावायचं होतं त्यांना."

"इतकी वर्षं तू हे मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही मुद्दा सांगत होता."

मी खिडकीशी गेलो. परत आलो. "एक मिनिट," मी म्हणालो. "टिप ठाऊक होती, मान्य. पण मग बशीतल्या नोटा उचलताना? तेव्हाही त्यांना ठाऊक होतं की ती टिप आहे?"

"मीही तेच विचारलं होतं त्यांना. सज्ज्यातच."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, 'हे मी आत्ताच सांगून टाकलं, तर पुढे तुमच्या घरात दोघं बोलणार कशावर?'"

माझे मत असे आहे, की त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या लेखी ती निखळ दक्षिणाच होती, आणि याला माझ्याजवळ निदान पाच प्रमाणे आहेत. वृंदा म्हणते, त्यांना पुरते ठाऊक होते. जेवण आले, निवले, पुन्हा गरम करून झाले. आम्ही अजून दुसऱ्या प्रमाणावर आहोत.